रेवदंडा-कोर्लईची सहल : आधी वारा पाहा, मग तिकीट काढा

रेवदंडा : रायगड जिल्ह्यातील कुंडलिका खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांनी सुमारे सव्वादोनशे वर्षे पाय रोवले होते. खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंड्याचा कोट, तर दक्षिणेस समुद्रात घुसलेल्या डोंगरसोंडेवर कोर्लईचा किल्ला आहे. पाश्चात्त्य वारशाच्या या खुणा पाहण्यास राज्यभरातून पर्यटक येतात. मात्र हा किनारा वादळाच्या वाटेवरचा असल्याने सहल ठरवताना हवामानाचा विचार आधी करणे श्रेयस्कर ठरते.

पोर्तुगीजांनी निजामशाहीच्या संमतीने सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे वखार आणि कोट उभारला. समोरचा कोर्लईचा किल्ला त्यांनी १५९४ मध्ये जिंकला. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यानंतर पुढच्याच वर्षी हा प्रदेशही मराठ्यांकडे आला. सत्ता गेली, पण तिची भाषा राहिली. कोर्लई गावातील ख्रिस्ती कुटुंबे आजही पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली बोली घरात बोलतात. ती बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आसपास आहे. खाडीवर पूल होईपर्यंत गाव एका बाजूला पडले होते आणि चर्चभोवती वस्ती एकवटलेली होती, त्यामुळे ही बोली तगली. येथील वारसा केवळ दगडांचा नाही, नांदत्या घरांचाही आहे, याचे भान पर्यटकांनी ठेवावयास हवे.

या किनाऱ्याला वादळे नवी नाहीत. मे १६१८ मध्ये वसई-मुंबई परिसरावर कोसळलेल्या वादळाने चर्चची छपरे उडाल्याच्या नोंदी आहेत. अलीकडे ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर धडकले. ताशी १०० ते ११० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने रायगडमधील नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचे नवे झाड उत्पन्न देऊ लागण्यास काही वर्षे जातात. त्यामुळे चांगल्या हंगामात येणारा पर्यटक वाडीवाल्या कुटुंबांना मोठा आधार ठरतो.

दुरून येणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. भंडारा जिल्ह्यातील कोंढ्याहून निघणाऱ्या कुटुंबाला वरठीच्या भंडारा रोड स्थानकावरून मुंबईकडची गाडी धरावी लागते. तेथून पनवेल, पेण, अलिबागमार्गे रेवदंडा गाठायचे, म्हणजे जाण्यायेण्यातच दोन दिवस खर्च होतात. आरक्षण काही आठवडे आधी करावे लागते आणि इतक्या आधी हवामानाचा नेमका अंदाज मिळत नाही. मुंबईकराप्रमाणे ऐनवेळी बेत बदलणेही त्यांना शक्य नसते. म्हणून नियोजन तीन टप्प्यांत करावे.

पहिला टप्पा हंगामाचा. अरबी समुद्रात चक्रीवादळे प्रामुख्याने मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर या काळात उठतात. जून ते सप्टेंबर मोसमी पावसाचा जोर असतो. गेटवे ते मांडवा लाँचसेवा आणि मुरूड-जंजिऱ्याच्या होड्या पावसाळ्यात बंद राहतात. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो सेवाही हवामान बिघडल्यास फेऱ्या रद्द करते. कोळी बांधवही नारळी पौर्णिमेला समुद्राची पूजा केल्याशिवाय होड्या लोटत नाहीत. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत निर्धोक.

दुसरा टप्पा इशाऱ्याचा. चक्रीवादळाची शक्यता असल्यास हवामान विभाग साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी सावधानतेचा आणि २४ तास आधी धोक्याचा इशारा देतो. निघण्याच्या तीन दिवस आधीपासून हे अंदाज पाहावेत. नारिंगी किंवा लाल इशारा असल्यास तिकिटाच्या पैशांचा मोह सोडून बेत रद्द करावा.

तिसरा टप्पा भरतीचा. किनाऱ्यावर पूर्वापार चालत आलेला हिशेब सोपा आहे : तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती. त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. म्हणजे अष्टमीच्या आगेमागे ऐन दुपारी पाणी ओसरलेले असते आणि भरतीही भांगाची, म्हणजे सौम्य असते. रेवदंड्याच्या तटाबाहेरून किनाऱ्याने फिरण्यास हेच दिवस सोयीचे. अमावास्या-पौर्णिमेला मात्र भर दुपारी उधाणाचे पाणी चढते. नेमक्या वेळेसाठी अधिकृत भरती-ओहोटीचे तक्ते पाहावेत.

कोर्लईचा किल्ला अरुंद धारेवर असून दोन्ही अंगांनी वारा झोडपतो. दीपगृहाकडून चढणाऱ्या पायऱ्या पावसात निसरड्या होतात. सकाळी लवकर चढून ऊन वाढण्यापूर्वी उतरावे. आभाळ भरून आल्यास, विजा चमकू लागल्यास तटावर थांबू नये. गावात फिरताना घरांची, माणसांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत.

इतकी वर्षे वारा सोसून उभा असलेला किल्ला पुढच्या हंगामातही तेथेच असणार आहे. त्यामुळे बेत पुढे ढकलावा लागला, तरी हळहळण्याचे कारण नाही.