बिअरचा फोटो गढूळ का येतो? मोबाईलवरच करून बघा हे उपाय

बुलढाण्यातून पुण्याला शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या एखाद्या मित्राच्या स्टोरीवर क्राफ्ट बिअरचा फोटो दिसतोच. समोरचा ग्लास सोनेरी असतो, फोटोत मात्र तो थंड झालेल्या चहासारखा दिसतो. आपण दोष मोबाईलला देतो. पण खरं कारण बहुतेक वेळा प्रकाश असतो.

क्राफ्ट बिअर म्हणजे काय?

छोट्या ब्रुअरीत, कमी प्रमाणात आणि वेगवेगळ्या चवींची बनवलेली बिअर. पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेली 'डूलाली' ही देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. पिल्सनर पारदर्शक सोनेरी असते, गव्हाची बिअर धुरकट पिवळी, तर स्टाऊट जवळपास काळी. म्हणजे रंग हीच तिची ओळख. तोच फोटोत हरवला, तर उरतो फक्त ग्लास.

प्रकाश कुठून हवा?

फ्लॅश आधी बंद करा. तो काचेवर आपटून परत येतो आणि पांढरा डाग पडतो. बिअरचा रंग खुलतो तो प्रकाश तिच्यातून आरपार गेल्यावर. म्हणून ग्लास खिडकीजवळ असा ठेवा, की उजेड मागून किंवा बाजूने येईल. मागे अंधार असेल तर ग्लासच्या आड पांढरा कागद उभा करा. स्टाऊटमधून उजेड जात नाही, तिला बाजूचाच प्रकाश द्या.

मोबाईल ग्लासच्या उंचीवर आणा. अगदी जवळ जाऊ नका, ग्लास वाकडा दिसतो. थोडं मागे सरून २एक्स झूम वापरा. स्क्रीनवर बिअरवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतो.

फेस का बसतो?

ग्लासला तेलकटपणा राहिला की फेस लवकर मरतो आणि बुडबुडे काचेला चिकटतात. त्यामुळे ग्लास स्वच्छ हवा. फ्रेम आधी ठरवा, बिअर नंतर ओता. उन्हात मात्र ग्लास ठेवून देऊ नका. उजेडामुळे हॉप्समधल्या घटकांवर प्रक्रिया होऊन बिअरला उग्र वास येतो. बाटल्या तपकिरी असतात त्या यासाठीच.

फिल्टर लावावा का?

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तेव्हा फोटो बघून अनेकांना तो फिल्टरच वाटला होता. रंग खरा असूनही विश्वास बसत नाही, ही फिल्टरच्या सवयीची किंमत. पिवळ्या दिव्याखाली फक्त व्हाइट बॅलन्स नीट करा, तेवढं पुरतं.

सराव कसा कराल?

त्यासाठी बिअरच हवी असं नाही. रसवंतीवरचा उसाचा रस घ्या. त्यालाही रंग आहे, फेस आहे आणि तोही लवकर बसतो. कोकम सरबतावर आरपार प्रकाश शिकता येतो.

पोस्ट करण्याआधी

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ वर्षं आहे. पैसे घेऊन टाकलेली पोस्ट जाहिरात ठरते आणि दारूच्या जाहिरातींवर निर्बंध आहेत. शिवाय फ्रेममध्ये मागे कोण बसलंय तेही बघा. तुमच्यासाठी तो छंदाचा फोटो असतो. पण त्याचा स्क्रीनशॉट गावाकडच्या फॅमिली ग्रुपवर पोहोचला, तर उत्तरं मागच्या टेबलावरच्याला द्यावी लागतात.