हवाई बंदूक आणि लांबचे लक्ष्य

माळेगाव बुद्रुकसारख्या गावी नवशिक्या नेमबाजाच्या हाती प्रथम येते ती बहुधा स्प्रिंगची हवाई बंदूक. चाप ओढताच तिच्यातील दट्ट्या पुढे धावतो आणि छरा नळीबाहेर पडण्यापूर्वीच बंदूक हिसका खाते. १० मीटरांवरील केसाएवढी चूक ५० मीटरांवर पाचपट होते. आधीच दाबून भरलेल्या हवेच्या बंदुकीत हा हिसका जवळजवळ नसतो. ती महाग खरी. पण वाऱ्यापुढे तिचीही मात्रा चालत नाही, हलका छरा बाजूस सरकतोच. ऑलिंपिकमध्ये हवाई रायफल १० मीटरांवरच थांबते. ५० मीटरांसाठी ५.६ मिलिमीटर व्यासाची काडतुसी रायफल लागते. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी २०२४च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविले ते हिच्यावरच. उघड्या मैदानावर मात्र हिलाही वाऱ्याची झेंडी पाहूनच नेम धरावा लागतो.