खिदिरपूर आणि मटियाबुरूज : राजवाडे गेले, शिलाई टिकली

वस्त्रोद्योगाचा इतिहास पाहण्यासाठी निघालेल्या प्रवाशास मुंबईचे गिरणगाव, सोलापूर, अहमदाबाद ही नावे प्रथम आठवतात. मात्र पश्चिम भारतात तयार झालेल्या कापडाचा पुढील प्रवास पाहावयाचा असेल, तर कोलकात्याच्या नैर्ऋत्येस, हुगळीकाठच्या खिदिरपूर परिसरास भेट द्यावयास हवी.

खिदिरपूरची गोदी 1892 मध्ये सुरू झाली. गोदीजवळचे पूल ओलांडून गार्डन रीचच्या रस्त्याने पुढे गेले की मटियाबुरूज लागते. या नावाचा अर्थ मातीचा बुरूज. अवधचे पदच्युत नवाब वाजिद अली शाह 1856 मध्ये येथे आले. पुढील तीन दशकांत त्यांनी राजवाडे, बागा व प्राणिसंग्रह उभारून येथे जणू दुसरे लखनौ वसविले. 1887 मध्ये त्यांचे निधन झाल्यावर ब्रिटिश सरकारने त्यातील बहुतेक वास्तू मोडीत काढल्या. नवाबांची कबर असलेला सिब्तैनाबाद इमामबाडा मात्र आजही पाहावयास मिळतो.

नवाबांच्या परिवारासोबत शिंपीही आले, असे स्थानिक परंपरा सांगते. आज हा परिसर तयार कपड्यांचे देशातील एक मोठे केंद्र आहे. येथील मुख्य कारागीर 'ओस्तागर' म्हणून ओळखले जातात. सुरत, अहमदाबाद आदी ठिकाणांहून आलेले कापडाचे तागे ओस्तागर विकत घेतात. कापणी झाल्यावर शिलाई, भरतकाम, काज-बटण व इस्त्री ही कामे वेगवेगळ्या हातांकडे सोपविली जातात. बरेचसे काम लहान कारखान्यांत आणि आसपासच्या गावांतील घरांत चालते. मुलांचे कपडे ही येथील खासियत होय. आठवड्याच्या अखेरीस भरणाऱ्या घाऊक बाजारात, म्हणजे हाटात, निरनिराळ्या राज्यांतील व्यापारी येतात. ईद व दुर्गापूजेपूर्वी येथील लगबग शिगेला पोहोचते.

मराठी वाचकास येथे गिरणगावाची आठवण होणे स्वाभाविक आहे. 1982 च्या संपानंतर मुंबईच्या अनेक गिरण्या कायमच्या बंद पडल्या. काहींच्या चिमण्या उरल्या, परंतु काम गेले. मटियाबुरूजमध्ये याच्या उलट घडले. वास्तू गेल्या आणि काम उरले. त्याचे एक कारण असे, की हा धंदा एका छताखाली एकवटलेला नव्हता.

हेच विखुरलेपण कारागिरांची अडचणही ठरते. बहुतेकांना नगावर मजुरी मिळते. त्यामुळे बाजार थांबला की उत्पन्न थांबते. 2020 मध्ये ऐन ईदच्या हंगामात टाळेबंदी आली, तेव्हा याचा कटू अनुभव आला.

येथे जाणाऱ्या पर्यटकांनी शनिवार-रविवार निवडल्यास हाट व इमामबाडा दोन्ही पाहता येतात. मात्र या वारशाची खरी ओळख पटते ती गल्लीबोळांतून ऐकू येणाऱ्या शिलाई यंत्रांच्या आवाजातून.