गाव सुटते, नोंद सुटू नये

आपल्या जालन्याकडे ऐंशी-पंच्याऐंशीचे असे म्हातारे अजून भेटतात, की ज्यांनी घराचा उंबरठा न सोडता तीन राज्ये पाहिली. लहानपणी ते हैदराबाद राज्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ ला ते मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात. पुढे १ मे १९८१ ला त्यांचा जिल्हासुद्धा बदलला, जालना हा वेगळा जिल्हा झाला. वाडा तोच, विहीर तीच, रोजची वाट तीच. कागदावरचे गाव मात्र बदलत गेले.

शेतकऱ्याला याचा फारसा त्रास झाला नाही. पण वैद्य, डॉक्टर, परिचारिका आणि सुइणी यांचे काय? त्यांची नावे सरकारी नोंदवहीत असतात आणि ती नोंदवही राज्याची असते. मुंबईकडे एक कायदा, विदर्भात दुसरा आणि आपल्या मराठवाड्यात हैदराबादचा तिसरा, अशी काही वर्षे स्थिती होती. मग १९६१ चा वैद्यक व्यवसायींचा कायदा, १९६५ चा वैद्यकीय परिषदेचा कायदा आणि १९६६ चा परिचारिकांचा कायदा असे तीन कायदे झाले आणि सबंध महाराष्ट्रासाठी एकेक नोंदवही तयार झाली. त्या वेळी माणसे जागेवर होती, राज्य हलले. आज उलटे आहे. राज्ये जागेवर आहेत आणि माणसे हलतात. तेव्हा राज्य ओलांडताना आपल्या धंद्याची नोंद बरोबर कशी न्यायची, हा आजचा विषय. उदाहरण घेऊ या अंगाला हात लावून बरे करणाऱ्यांचे, कारण ते खेड्यापाड्यात सगळ्यांच्या ओळखीचे आहेत.

आता तुम्ही म्हणाल, मालीश करायला कसली आली नोंद? बाळंतिणीला आणि बाळाला तेल लावणारी बाई गावोगाव असते. कंबरेत उसण भरली की चोळून देणारा कोणीतरी असतोच. खरे आहे. नुसते तेल लावून अंग रगडण्यासाठी आपल्याकडे माणसाला वैयक्तिक परवाना लागत नाही. त्यामुळे तो एका राज्यातून दुसऱ्या राज्यात न्यायचाही प्रश्न येत नाही. परंतु जिथे दुखण्यावर उपचार सुरू होतो, तिथे गोष्ट बदलते. लकव्याने पडलेला हात पुन्हा हलता करणे, मोडलेले हाड सांधल्यावर आखडलेला गुडघा सोडवणे, ही कामे भौतिकोपचार तज्ज्ञाची, म्हणजे आपण ज्यांना फिजिओथेरपिस्ट म्हणतो त्यांची. अभ्यंग आणि पंचकर्म हे उपचार म्हणून सांगायचे, ते वैद्याने. या दोघांनाही नोंदणी लागते.

ती का लागते, हे नीट समजून घ्या. एखादा माणूस मोठ्या शस्त्रक्रियेनंतर महिनाभर अंथरुणावर आहे. त्याची एक पोटरी सुजली, गरम झाली, दुखू लागली. घरचे म्हणतात, जरा चोळून द्या, रक्त मोकळे होईल. आणि नेमके तेच करायचे नसते. आतल्या शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते. चोळल्याने ती सुटली, तर रक्ताबरोबर फुप्फुसात जाऊन अडकते आणि माणूस घटकाभरात दगावू शकतो. तसेच ताज्या मोडलेल्या हाताचे. तो चोळून वर घट्ट बांबूच्या कामट्या आवळल्या, तर रक्त अडते आणि हात कायमचा वाकडा होतो. कुठे हात लावायचा हे शिकायला थोडे दिवस लागतात, कुठे लावायचा नाही हे शिकायला वर्षे लागतात. नोंदवही म्हणजे हे शिकलेल्या माणसांची यादी. ती रोग्याच्या जिवासाठी आहे.

ही यादी करण्याची कल्पना मुळात मालीश करणाऱ्यांमधूनच निघाली, ही गंमत पाहा. १८९४ साली लंडनमध्ये मालीशच्या नावाखाली भलते धंदे चालू लागले, तेव्हा चार परिचारिकांनी शिकलेल्या मर्दनकारांची एक संस्था काढली. चांगल्या कामाला बट्टा लागू नये, एवढाच हेतू. तीच संस्था पुढे इंग्लंडातल्या भौतिकोपचार तज्ज्ञांची मोठी संस्था झाली. आपल्याकडे या विषयाचे रीतसर शिक्षण १९५२ च्या सुमारास मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. पोलिओने पांगळी झालेली मुले हे त्या काळचे मोठे दुःख होते. महाराष्ट्रात या व्यवसायासाठी स्वतंत्र परिषद नेमण्याचा कायदा २००२ सालचा आहे. सबंध देशासाठी २०२१ साली संसदेने सहयोगी आरोग्य व्यवसायांचा कायदा केला. त्यात प्रत्येक राज्याची एक नोंदवही आणि देशाची एक मध्यवर्ती नोंदवही, अशी योजना आहे.

आता मुख्य मुद्दा. समजा, मंठा तालुक्यातली एक मुलगी भौतिकोपचाराची पदवी घेऊन जालन्याच्या दवाखान्यात काम करते. लग्न ठरले आणि सासर निघाले हैदराबादचे. देवगिरी एक्सप्रेसने सकाळी निघाली तर त्याच दिवशी ती तिथे पोहोचेल. तिची नोंद मात्र गाडीत बसून जात नाही! राज्यघटनेने कोणताही व्यवसाय करण्याचा हक्क सर्वांना दिला आहे, पण त्यासाठी पात्रता ठरवण्याची मुभा सरकारलाही दिली आहे. शिवाय व्यवसायांचा विषय समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही हाती. म्हणून जिथे काम करायचे, तिथल्या राज्याची रीत विचारावी लागते. कर्नाटकातली मुलगी सून होऊन जालन्यात आली, तर तिलाही महाराष्ट्राच्या नोंदवहीत नाव घालून घ्यावे लागते.

मग तिने काय करावे? पहिली गोष्ट, निघण्यापूर्वी इथली नोंदणी चालू आहे ना, ते पाहावे. नोंदणीला मुदत असते. ती संपलेली असेल तर आधी नूतनीकरण करावे, कारण विझलेल्या दिव्यावरून दुसरा दिवा लागत नाही.

दुसरी गोष्ट, इथल्या परिषदेकडून ना-हरकत दाखला आणि सद्वर्तनाचा दाखला मागावा. या बाईंचे नाव आमच्याकडे अमुक क्रमांकावर आहे आणि त्यांच्याविरुद्ध काही चौकशी चालू नाही, एवढेच त्यात असते. पुष्कळांना वाटते, हा उगाच त्रास. पण एका राज्यात रोग्याला इजा करून दुसऱ्या राज्यात पाटी लावणाऱ्याला हाच कागद अडवतो. वकिलांचे पाहा. १९६१ च्या अधिवक्ता कायद्यात एका राज्याच्या यादीतून दुसऱ्या राज्याच्या यादीत नाव नेण्याची सोय आहे आणि तीही फी न घेता. परंतु वकिलाविरुद्ध शिस्तभंगाची चौकशी चालू असेल, तर अर्ज नाकारता येतो. तत्त्व तेच.

तिसरी गोष्ट, नाव. पदवीवर माहेरचे नाव, आधार कार्डावर सासरचे. दोन नावांत एका अक्षराचा फरक पडला तरी कारकून अर्ज परत करतो आणि तिथे महिने जातात. म्हणून विवाह नोंदणीचा दाखला आधी काढावा आणि प्रत्येक अर्जाला त्याची प्रत जोडावी. ज्यांना जुने नावच चालू ठेवायचे आहे, त्यांनी सगळीकडे तेच ठेवावे. कायदा नाव बदलण्याची सक्ती करत नाही.

चौथी गोष्ट, नव्या राज्यात अर्ज. पदवी, गुणपत्रिका, प्रत्यक्ष कामाच्या शिक्षणाचा दाखला, जुने नोंदणीपत्र, ओळख आणि पत्ता. काही ठिकाणी विद्यापीठाकडून पदवीची खातरजमा मागवतात. आपल्याकडचे विद्यापीठ नाशिकचे, म्हणजे पत्रव्यवहार तिथे. या कामाला वेळ लागतो, तेव्हा लग्नाच्या खरेदीबरोबरच याही कामाला लागावे.

आणि शेवटची गोष्ट, नवा क्रमांक हाती येईपर्यंत स्वतःची पाटी लावू नये. परिचारिकांची वाट साधारण अशीच असते, एका परिषदेची ना-हरकत आणि दुसऱ्या परिषदेची नोंद.

इथे एक घोटाळा टाळा. दुकानाचा दाखला वेगळा आणि माणसाची नोंदणी वेगळी. दुकानाचा दाखला जागेपुरता असतो, तो दुसऱ्या गावी चालत नाही. कौशल्य विकासाच्या योजनेत स्पा थेरपिस्ट किंवा पंचकर्म तंत्रज्ञ असे प्रमाणपत्र मिळते. ते देशभर दाखवता येते, नोकरीलाही उपयोगी पडते. पण ते रोग्यावर स्वतंत्रपणे उपचार करण्याची परवानगी नव्हे.

दूरच्या देशातही हीच कटकट आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मालीश करणाऱ्यालाही परवाना लागतो आणि राज्य बदलले की नवा अर्ज. तिथे पुष्कळ राज्यांनी एकच सामायिक परीक्षा मान्य केली आहे. राज्याराज्यांत करार करून एक परवाना अनेक ठिकाणी चालावा, असा प्रयत्नही सुरू झाला आहे. आपल्या २०२१ च्या कायद्यातल्या मध्यवर्ती नोंदवहीची दिशा तीच.

शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. बारावीनंतर मुले तुम्हालाच विचारायला येतात. त्यांना दोन प्रश्न विचारायला शिकवा: या अभ्यासक्रमाला मान्यता कुणाची? आणि शिकून झाल्यावर माझे नाव कोणत्या नोंदवहीत जाईल? दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळत नसेल, तर फी भरू नये. शेत विकून फी भरलेल्या घरांना हे नंतर कळून उपयोग नसतो.

आपल्या मुली शिकल्या, नोकरीला लागल्या. मग लग्न झाले, राज्य बदलले, आणि कागद पुरे नाहीत म्हणून त्या घरी बसल्या, असे होते. पहिले वर्ष जाते, दुसरे जाते, मूल होते आणि हातातली विद्या तशीच गंजते. दोन दाखले वेळेवर काढले असते तर ते टळले असते. तेव्हा मुलीची पाठवणी करताना ओटीत नारळ घाला, तांदूळ घाला, आणि पेटीत तळाशी नव्हे, अगदी वर, तिच्या नोंदणीचे कागदही ठेवा.