दोरीवरचा साप आणि माळावरचे फुरसे

ज्ञानेश्वरी शिकवताना वर्षातून एकदा तरी आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना दोरी आणि साप यांची गाठ घालून द्यावी लागते. अंधारात पडलेल्या दोरीवर सापाचा भास होतो. दिवा आणला की भास जातो आणि दोरी तेवढी उरते. तसाच हा संसार! चार वर्षांपूर्वी हा दृष्टान्त मी असाच रंगात येऊन सांगत होतो. तोच मागच्या बाकावरची एक मुलगी उठली आणि म्हणाली, "सर, पण तो साप कुठला?"

वर्ग हसला. मीही हसलो. ती मात्र हसली नाही. ती दौंड तालुक्यातली. म्हणाली, "आमच्याकडं अंधारात दोरी दिसली की आधी कान देतात, सर. दोरी बोलत नाही. फुरसं बोलतं."

मी एकदम गप्प झालो. कारण माझे आजोळही दौंडकडचेच, आणि फुरशाचे ते बोलणे मी या कानांनी ऐकले आहे. शहरात राहून ते विसरलो होतो, इतकेच.

पुणे जिल्हा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीचे कडे आणि पावसाळी धुके येते. पण लोणावळ्याला शंभरावर इंच कोसळणारा पाऊस पूर्वेकडे शिरूर-दौंडला पोचेतो वीस इंचांवर येऊन ठेपतो. जुनी माणसे शिरूरला अजून 'घोडनदी'च म्हणतात. त्या घोड नदीपासून भीमेच्या काठापर्यंत मुरमाड माळ, कुसळी गवत आणि बोरी-बाभळी असा मुलूख पसरलेला होता. वाळवंट नव्हे, पण वाळवंटाचा धाकटा भाऊ म्हणायला हरकत नाही.

या माळाचा खरा रहिवासी म्हणजे फुरसे. जेमतेम फूट-दीड फूट लांब, मातीच्या रंगाचे, डोक्यावर बाणासारखी खूण. त्याच्या अंगाच्या दोन्ही बाजूंच्या खवल्यांना करवतीसारखे दाते असतात. कोणी जवळ आले की ते अंगाची वेटोळी एकमेकांवर घासते आणि तापल्या तव्यावर पाण्याचा हबका मारावा तसा चर्र आवाज निघतो. अमेरिकेतला रॅटलस्नेक शेपटीचा खुळखुळा वाजवतो. आमचे फुरसे सारे अंगच वाजवते. अर्थ दोघांचा एकच : "मी इथे आहे. पुढे येऊ नका."

गंमत पाहा. अमेरिकनांनी १७७५ साली, स्वातंत्र्ययुद्धाच्या काळात, त्या खुळखुळ्या सापाला पिवळ्या झेंड्यावर बसवले. इशारा दिल्यावाचून डसत नाही, हा त्याचा गुण त्यांना भावला. आमच्या फुरशाच्या वाट्याला मात्र झेंडा नाही की ओवी नाही. नागाला पंचमी मिळाली, शंकराचा गळा मिळाला, विष्णूची शेज मिळाली. विंचवाला नाथांचे भारूड मिळाले. लांडग्याच्या वाट्याला 'आला रे आला' एवढे आले, आणि कोल्हा काकडीला राजी झाला. फुरशाला काय मिळाले? इंग्रजी अमदानीत रत्नागिरीकडे त्याला मारणाऱ्यास सरकारी बक्षीस!

किपलिंग मुंबईत जन्मलेला. त्याच्या १८९४ च्या 'जंगल बुक'मधल्या मुंगसाच्या गोष्टीत 'करैत' नावाचा एक लहानसा साप आहे. करैत म्हणजे आपला मण्यार. पण मण्यार काळा, चकचकीत, पांढऱ्या पट्ट्यांचा. आणि गोष्टीतला साप धुळीच्या रंगाचा, धुळीतच पडून राहणारा. मला तर ते फुरसेच वाटते. पुस्तकात शिरले तेही दुसऱ्याच्या नावाने!

आता माझी हकीकत सांगतो. मी दहा वर्षांचा होतो. १९९० सालची दिवाळी. मामींनी मला गोवऱ्या आणायला पाठवले. अनवाणी निघालो. गोवऱ्यांच्या ढिगापाशी तो चर्र आवाज आला. माझ्या मागून येणाऱ्या म्हाताऱ्या धनगर आबांनी माझा दंड धरला. "थांब बाळा. त्यो बोलतुया." आम्ही उभेच राहिलो. थोड्या वेळाने एक मातकट वेटोळे उलगडले आणि तिरके तिरके सरकत दगडांत नाहीसे झाले.

पुढच्याच वर्षी कडब्याची पेंढी उचलताना मामींच्या उजव्या हाताच्या बोटाला फुरसे चावले. त्या काळच्या रीतीने त्यांना आधी देवळात नेले. कडुनिंबाचा पाला खायला दिला, हाताला दोरी करकचून आवळली, उतारा झाला. पहाटे त्यांच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले. फुरशाच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्तीच जाते, हे आमच्यापैकी कोणाला ठाऊक होते? उसाच्या ट्रकमधून त्यांना इस्पितळात नेले. डॉक्टरांनी काचेच्या नळीत थोडे रक्त घेतले आणि वीस मिनिटे तशीच ठेवली. रक्त गोठले नाही. मग प्रतिविष सुरू झाले. मामी वाचल्या, बोट मात्र कायमचे वाकडे राहिले.

इकडे गावातल्या तरुणांनी काठ्या घेऊन माळ धुंडाळला. साप साप म्हणून भुई धोपटणे हा वाक्प्रचार मी त्या दिवशी प्रत्यक्ष पाहिला. संध्याकाळी ओळीने मेलेले साप मांडले होते. आबांनी काठीने एकेक बाजूला सारला. धामण, कवड्या, तस्कर, बिचारे मांडूळ : सारे बिनविषारी. फुरसे त्यांत एकच होते. "उंदरं कोन खाईल आता?" एवढेच म्हणून आबा उठून गेले.

आज जाणत्यांना विचाराल तर ते सांगतील : चावल्यावर कापू नका, चोखू नका, आवळू नका, हात-पाय हलू न देता थेट इस्पितळ गाठा. मुंबईच्या हाफकिन संस्थेसारख्या ठिकाणी घोड्यांच्या रक्तापासून तयार झालेले प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांवरही चालते. आणि ज्या विषाने रक्त गोठेनासे होते, त्यातल्याच एका द्रव्याचा धागा धरून हृदयविकारावरचे एक औषध निघाले. १९९८ पासून ते वापरात आहे. ज्याने मामींचे बोट वाकवले, त्याच्या कुळाने कितीकांची हृदये सांभाळली असतील!

माळ मात्र आता ओळखू येत नाही. कालव्याचे पाणी आले, ऊस आला, कारखाने आले. शेतकऱ्याच्या घरी चार पैसे आले, याचे मला दुःख कसे होईल? पण उसात बिबट्याही राहायला आला, आणि २०२५ मध्ये शिरूर तालुक्यात त्याने लेकरांचेही बळी घेतले. माळढोक तर महाराष्ट्रातून जवळजवळ गेलाच. चिंकारा पाहायचा तर शेजारच्या बारामती तालुक्यात सुप्याला जावे. तिथे १९९७ साली पाच चौरस किलोमीटरांचे मयूरेश्वर अभयारण्य झाले. धाविक, चंडोल, माळटिटवी, खोकड ही सारी प्रजा ज्या जमिनीवर नांदते, तिला आपण कागदोपत्री 'पडीक' म्हणतो आणि कवितेत 'ओसाड'. भाषेच्या शिक्षकाला हे शब्द टोचतात. व्यंकटेश माडगूळकरांनी १९५५ मध्ये 'बनगरवाडी'त माळावरची माणसे दाखवली, मारुती चितमपल्लींनी पाखरांचा कोश रचला. पण वर्गात आम्ही अजून दोरीवरचाच साप शिकवतो.

गेल्या दिवाळीत मुलीला घेऊन आजोळी गेलो. पायांत बूट, हातांत विजेरी. मामी आता पासष्टीच्या आहेत. वाकड्या बोटाने दारात रांगोळी घालत होत्या. मुलीने भीत भीत विचारले, "आजी, तुम्हांला त्या सापाचा राग नाही येत?"

मामींनी रांगोळीची चिमूट तशीच धरून ठेवली. म्हणाल्या, "राग कशाचा गं? त्यानं आवाज दिला हुता. कडब्याच्या घाईत माझंच ध्यान नव्हतं."

सुट्टीनंतर तोच पाठ पुन्हा आला. दोरीचा दृष्टान्त सांगून झाला आणि मी पुस्तक मिटले. म्हटले, "आता या सापाविषयी थोडे बोलू."