मॉड्यूल सापडत नाही

जानेवारी 2025 मध्ये लिनक्स कर्नलची 6.13 ही आवृत्ती आली ती रायझरएफएसला वगळूनच. 2001 च्या आरंभी 2.4.1 मध्ये दाखल झालेली ही मुख्य कर्नलमधली पहिली जर्नलिंग फाइल सिस्टिम. निर्णय तडकाफडकी झाला असं म्हणता येत नाही. 2022 पासूनच ती कालबाह्य ठरवलेली होती. सांभाळायला कुणी उरलं नाही म्हणून ती गेली, आणि खरी बोच इथेच आहे. फाइल सिस्टिमा येतील-जातील, पण सांभाळणारी माणसं का आटतात? माझं उत्तर असं : स्वतः कर्नल कंपाइल करायचा, मग रुसलेल्या ड्रायव्हरचा माग काढत बसायचं, ही सवय ज्या दशकात जोपासली गेली ते दशक संपलं आणि तिच्या जागी दुसरी शाळा उभी राहिली नाही.

नव्वदच्या दशकाविषयी फार बोलण्यासारखं नाही. लिनक्स तेव्हा थोड्यांच्याच हाती होता. पीसीक्वेस्टसारख्या मासिकांच्या सीडींतून तो आपल्याकडे पोचला, पण डायल-अपच्या त्या काळात स्वस्त पीसींमधले ‘विनमोडेम’ तो ओळखत नसे. निम्मं काम विंडोजच्या सॉफ्टवेअरवर टाकून हार्डवेअरचे पैसे वाचवायचे आणि त्याची माहिती मात्र दडवायची, या धोरणामुळे इंटरनेट हवं तर ड्रायव्हर हवा आणि ड्रायव्हर हवा तर इंटरनेट हवं, असा पेच पडे. ते मोडेम बनवणाऱ्या कंपन्यांना माफ करावं असं आजही वाटत नाही.

शिकवलं ते डिसेंबर 2003 मधल्या 2.6 या आवृत्तीने. कर्नल विकसक रस्टी रसेल यांनी मॉड्यूल, म्हणजे चालत्या कर्नलला हवे तेव्हा जोडायचे ड्रायव्हरसारखे तुकडे, जोडण्याचं काम बाहेरच्या साधनांकडून काढून कर्नलच्या आत नेलं. फाइलींचं ‘.ओ’ हे शेपूट जाऊन ‘.केओ’ आलं आणि जुनी मॉडयूटिल्स निरुपयोगी झाली. ज्यांनी कर्नल नवा बांधला पण मॉड्यूल-इनिट-टूल्स बसवली नाहीत, त्यांना ‘एलएसमॉड’ दिल्यावर ‘क्यूएम_मॉड्यूल्स : फंक्शन नॉट इम्प्लिमेंटेड’ एवढंच उत्तर मिळे. इनपुटचा पर्याय मॉड्यूल म्हणून निवडला तर कन्सोलचे पर्याय यादीतून गुपचूप गळत, आणि ‘बूटिंग द कर्नल’ या ओळीनंतर पडदा काळाच राही. सगळ्यांत बोधप्रद चूक मात्र रूट फाइल सिस्टिमची. तिचा ड्रायव्हर कर्नलमध्ये न घालता मॉड्यूल केला आणि इनिटआरडी बनवली नाही, की डिस्क वाचायला लागणारं मॉड्यूल त्याच डिस्कवर राही. कपाटाची किल्ली कपाटातच. कर्नल ‘अनेबल टू माउंट रूट एफएस’ म्हणून थांबे. मात्र या बिघाडांना पत्ता होता. मॉड्यूल ‘इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट’ म्हणून नाकारलं गेलं, तर ‘डीमेसेज’, म्हणजे कर्नलची नोंदवही, वाचल्यावर दोन्हींचे व्हर्मॅजिक शेजारी शेजारी दिसत : मॉड्यूल कोणत्या कर्नलसाठी बांधलंय आणि चालतोय कोणता. ‘अननोन सिम्बॉल’ दिसलं की एक तर ‘डेपमॉड’ राहिलंय किंवा ज्यावर हे मॉड्यूल उभं आहे तेच बांधलेलं नाही. सोर्स न देणारे बंद ड्रायव्हर तेवढे मुके होते. 2004 मध्ये फेडोरा कोअर 2 ने कर्नलचा स्टॅक 4 केबीचा केला आणि एनव्हिडियाचा ड्रायव्हर कोसळू लागला, तेव्हा तो दुरुस्त करणं कंपनीबाहेर कुणाच्याही हाती नव्हतं. कर्नल विकसक ग्रेग क्रोआ-हार्टमन सांगत आले आहेत की कर्नलची आतली रचना बदलतच राहणार, म्हणून ड्रायव्हर मुख्य कर्नलमध्येच असू द्या. जो रचना बदलेल तोच ड्रायव्हरही सुधारेल. त्या काळाचा पुरावा त्यांच्याच बाजूचा आहे.

यावर कुणी म्हणेल, तो छळ होता, संपला ते बरं झालं. डीकेएमएस आता नव्या कर्नलसाठी मॉड्यूल आपोआप बांधतं, वितरणं इनिटरॅमएफएस स्वतः बनवतात. मान्य. डॉक्टर किंवा शिक्षक यांनी संगणक चालावा म्हणून कर्नल का बांधावा? पण ज्याला बांधून पाहायचंय त्याच्या वाटेत आता काय येतं? दुसरा आक्षेप अधिक वजनदार : कर्नलवर काम करणाऱ्यांची संख्या पूर्वीपेक्षा कितीतरी मोठी आहे. आहे, पण त्यांतले बहुतेक पगारी आहेत, आणि पगार नव्या हार्डवेअरसाठी मिळतो. जुन्या वायफाय कार्डाला, जुन्या डिस्कला मालक उरतो तो फक्त ते वापरणारा. त्याला ‘डीमेसेज’ वाचता येत नसेल तर तो ड्रायव्हर अनाथ होतो आणि काही वर्षांनी वगळला जातो.

आता बांधून पाहणाऱ्याच्या वाटेत काय येतं ते पाहू. 2012 च्या डिसेंबरात 3.7 बरोबर मॉड्यूलवरच्या सह्या आल्या, त्याच सुमाराला सिक्युअर बूट आलं, 2019 मध्ये 5.4 ने रूटलाही कर्नल बदलू न देणारं लॉकडाउन आणलं. कर्नलमध्ये घुसणारं रूटकिट रोखायचं तर सही लागते, हे निर्विवाद. पीसीवर निदान स्वतःची किल्ली नोंदवता येते. ‘रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल’ हा संदेशही खरं कारण सांगतो. फोनवर तेही नाही. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्सच आहे, जीपीएलमुळे कर्नलचा सोर्स द्यावा लागतो, तो उतरवून कंपाइलही करता येतो. पण बूटलोडर कुलूपबंद असलेल्या फोनवर तो चढवता येत नाही. वायफायचं मॉड्यूल का लोड होत नाही, हा प्रश्न तिथे विचारण्याची वेळच येत नाही. आज विशीत असलेल्या बहुतेकांच्या हाती पहिला लिनक्स आला तो याच रूपात.