गोधडी का सरकते? शिलाई यंत्राचा पाय, दाते आणि कापडाची चाल

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जाणाऱ्या कुटुंबांच्या बिऱ्हाडात जी मोजकी चीजवस्तू असते, तिच्यात गोधडी असतेच. फडाजवळच्या कोपीत मार्गशीर्ष-पौषाची थंडी काढावयाची ती याच गोधडीवर. पूर्वी गोधडी किंवा वाकळ घरोघरी हातानेच शिवली जाई. आता शिवण क्लास केलेल्या अनेक भगिनी ती मशीनवर शिवून देतात. हाताने कित्येक दिवस पुरणारे काम त्यामुळे लवकर उरकते व चार पैसेही मिळतात.

परंतु या कामात एक तक्रार हमखास ऐकू येते. "मशीन कापड ओढत नाही", "वरचं लुगडं पुढं पळतं", "गोधडी तिरकी झाली". मग मशीन खराब आहे असे समजून ते तालुक्याच्या मिस्त्रीकडे नेले जाते, किंवा शिवणारी आपल्याच हाताला दोष देते. वास्तविक बहुतेक वेळा दोन्ही निर्दोष असतात. शिवण क्लासमध्ये ब्लाउज, परकर, झबले शिकवतात. ते दोन-तीन पातळ थरांचे काम, आणि मशीनही त्याच कामासाठी लावलेले असते. गोधडीत थर सहा-आठ, त्यात जोड आणि काठ वेगळेच. एवढ्या जाडीला मशीनची चाल कशी बदलते हे मात्र कोणी सांगत नाही.

हा विषय किरकोळ नव्हे. गोधडीसाठी गिऱ्हाईक कापड विकत आणून देत नाही, घरातले जुने लुगडे आणून देते. पुष्कळदा ते वारलेल्या आईचे किंवा आजीचे असते. नव्या कापडातली चूक पैशांत भरून काढता येते, ही येत नाही. जुन्या विरलेल्या कापडावरचा टाका उसवला की सुईच्या भोकांच्या रेघेवरच ते फाटते. म्हणून गोधडीवर सुई पडण्याआधीच मशीन समजून घेतलेले बरे.

आता कापड पुढे कसे सरकते ते पाहू. सुईखालच्या प्लेटच्या चिरांतून करवतीसारखे दाते वर येतात. ते वर येतात, कापड मागे ढकलतात, खाली बुडतात आणि बुडालेल्या स्थितीतच पुन्हा पुढे येतात. अशी ही चार हालचालींची रचना अ‍ॅलन विल्सन या अमेरिकन कारागिराने शोधली व १८५४ साली तिचे पेटंट घेतले. आपल्याकडे १९३० च्या दशकात कलकत्त्यात उषा मशीन तयार होऊ लागले, त्याचेही दाते याच तत्त्वावर चालतात. सुई कापडाबाहेर असते तेवढ्याच वेळात दात्यांनी आपले काम उरकायचे असते.

येथेच गोम आहे. दाते फक्त सर्वांत खालच्या कापडाला पकडतात. वरच्या कापडावर मशीनचा गुळगुळीत पाय दाबून बसलेला असतो. तो कापड पुढे नेत नाही, उलट घासून मागे धरतो. दोन पातळ कापडे एकमेकांना चिकटून जातात, म्हणून ब्लाउज शिवताना हे जाणवत नाही. मध्ये सहा थर आले की खालचा थर पूर्ण टाका चालतो आणि वरचा किंचित कमी. समजा, प्रत्येक टाक्याला एक दशांश मिलिमीटर फरक पडला. इंचाला १० टाके धरले तर ६ फुटांच्या एका ओळीत ७२० टाके होतात, आणि फरक ७२ मिलिमीटर म्हणजे जवळजवळ ३ इंच होतो. ओळ संपते तेव्हा खालचे कापड संपलेले असते आणि वरचे ३ इंच शिल्लक राहते. "लुगडं पुढं पळतं" ते हेच. ते पळत नाही, मागे राहिलेले असते.

हे आपल्या मशीनवर किती होते ते मोजण्यासाठी जुन्या सुती कापडाच्या हातभर लांबीच्या सारख्या पट्ट्या घ्याव्यात. गोधडीत जितके थर असतील तितक्या एकावर एक ठेवाव्यात आणि न ओढता, न ढकलता सरळ शिवाव्यात. शेवटी वरची पट्टी किती उरते ते पाहावे. पुढे प्रत्येक बदल केल्यावर हीच परीक्षा पुन्हा घ्यावी.

पहिला बदल पायाच्या दाबाचा. मशीनच्या डाव्या टोकाला, वरच्या बाजूस, पायाच्या दांड्यावर एक स्क्रू असतो. तो घट्ट केला की दाब वाढतो, सैल केला की कमी होतो. वरचा थर मागे राहत असेल तर अर्धा फेरा सैल करून पट्टी शिवून पाहावी, गरज वाटल्यास आणखी अर्धा. फार सैल करू नये. दाब अगदी कमी झाला तर कापड सुईबरोबर वर उचलले जाते आणि टाके सुटतात. याउलट सगळेच थर जागच्या जागी अडून टाका बारीक पडत असेल, तर आधी दाते स्वच्छ करावेत. तरीही पकड येत नसेल तर दाब थोडा वाढवावा.

दात्यांच्या सफाईबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण गोधडीच्या कामात सर्वांत जास्त दुर्लक्ष येथेच होते. जुन्या सुती लुगड्याचा भुसा फार पडतो. तो दात्यांच्या ओळींमध्ये बसून नमद्यासारखा घट्ट होतो. मग दाते वर येतात, पण त्यांची टोके कापडात रुतत नाहीत. सुई काढून, प्लेटचे स्क्रू उघडून, जुन्या दात घासायच्या ब्रशने भुसा झाडावा आणि उरलेला टाचणीने उकरून काढावा. एक-दोन गोधड्यांमागे एवढे करावेच. नंतर मशीनच्या तेलाचे एकेक थेंब सोडून टाकाऊ कापडावर थोडी शिलाई मारावी. खोबरेल तेल घालू नये, थंडीत ते थिजते. प्लेट बसवल्यावर हाताने चाक फिरवून पाहावे: दाते सर्वांत वर असताना सुमारे एक मिलिमीटर, म्हणजे दाताची पूर्ण उंची, प्लेटच्या वर दिसली पाहिजे. बोट फिरवल्यावर टोके बोथट लागत असतील तर ती झिजली आहेत. तेव्हा मात्र मिस्त्रीकडे जावे.

पुष्कळदा दोष मशीनमध्ये नसून गोधडीच्या वजनात असतो. अर्धी गोधडी टेबलाखाली लोंबत असेल तर ते वजन दात्यांच्या विरुद्ध ओढत राहते. मशीनच्या डाव्या व मागच्या बाजूस तेवढ्याच उंचीची पेटी किंवा बाज ठेवून गोधडी तिच्यावर पसरावी. मागे उभ्या असलेल्या मदतनीस मुलीने गोधडी धरावी, ओढू नये. ओढल्याने सुई वाकते, प्लेटवर आपटून तुटते आणि तुकडा डोळ्यात जाण्याचे भय असते. सुई १६ नंबरची, थर जास्त असल्यास १८ नंबरची लावावी. टाका ब्लाउजपेक्षा लांब, इंचाला ७-८, ठेवावा.

तुकडे जोडून वस्त्र करण्याची रीत आपल्या वाचकांना नवी नाही. मगधातील शेतांच्या बांधांप्रमाणे तुकडे जोडून आनंदाने भिक्खूंच्या चीवराची रचना केल्याची हकिकत विनयपिटकात आहे. गोधडीत मात्र तुकडे एकावर एकही येतात, म्हणून थर कसे रचले याला महत्त्व आहे. हल्लीच्या साड्या बहुधा पॉलिस्टरच्या असतात व त्या घसरतात. त्या आत घालून वर-खाली सुती कापड ठेवावे आणि शिवण्याआधी दर वीतभर अंतरावर हाताने कच्चा टाका घालावा. हे काम कंटाळवाणे आहे, पण याला पर्याय नाही. जाड काठावर पाय चढताना त्याचे पुढचे टोक वर उचलले जाते आणि मशीन तेथेच अडते. अशा वेळी सुई कापडात ठेवून पाय उचलावा, मागच्या बाजूस पायाखाली कापडाची तेवढ्याच जाडीची घडी सरकवावी आणि मग शिवावे.

हाताने शिवताना अनेक ठिकाणी कडेपासून आत येत जाण्याची पद्धत आहे. हाताची सुई सगळे थर एकदम ओढते, म्हणून ते चालते. मशीनवर तसे केले तर वरचा उरलेला भाग मध्यभागी कोंडून फुगा येतो. म्हणून मशीनवर पहिली ओळ मधोमध घालावी, तेथून दोन्ही बाजूंना कडेकडे जावे आणि सर्व ओळी एकाच टोकाकडून सुरू कराव्यात. एक ओळ जाताना, दुसरी येताना शिवली की दोन ओळींमधले कापड पिळल्यासारखे तिरके होते.

एवढे करूनही फरक राहत असेल, किंवा गोधडीचे काम नित्याचे असेल, तर ज्याला वॉकिंग फूट म्हणतात तो 'चालता पाय' घ्यावा. त्याच्या आत स्वतःचे दाते असतात आणि बाजूची एक दांडी सुईच्या स्क्रूवर बसते. सुई वर-खाली होते तसे हे दाते वरच्या थराला खालच्या दात्यांबरोबर पुढे नेतात. घेताना आपल्या मशीनचा जुना पाय दुकानात बरोबर न्यावा, कारण मशीनगणिक पायाच्या दांड्याची उंची वेगळी असते. हा पाय सावकाश चालवावा, सरळ ओळींसाठीच वापरावा आणि उलट शिलाई मारू नये. फुले, वेलबुट्टी काढावयाची असल्यास वेगळी रीत आहे. तीत दाते खाली उतरवून किंवा झाकून रफूचा पाय लावतात व कापड हातानेच फिरवतात. नवशिक्यांनी त्या वाटेला लगेच जाऊ नये.

गोधडी उतरली की दाबाचा स्क्रू जितके फेरे सैल केला होता तितकेच फेरे घट्ट करावा. ते फेरे खडूने मशीनच्या टेबलावर लिहून ठेवलेले असले म्हणजे दुसऱ्या दिवशी ब्लाउज शिवावयास बसताना अडचण येत नाही.